शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी

मुलांनो,

"धरण कोण बांधतं?" असा प्रश्न मी दर वर्षी माझ्या चौथीच्या वर्गाला विचारते. उत्तरं मोठी मजेशीर येतात. कुणी म्हणतं, "सरकार!" कुणी म्हणतं, "जेसीबी!" मागच्या बाकावरून एखादा हळूच म्हणतो, "बाई, मजूर बांधतात." हे शेवटचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते खरं आहे. पण मजुरांनी दगड कुठे ठेवायचा, भिंत किती उंच करायची, पावसाळ्यात किती पाणी येईल आणि ते कोणाकोणाला पुरेल, हे आधी कुणीतरी कागदावर मांडलेलं असतं. तो माणूस म्हणजे स्थापत्य अभियंता. आपण साध्या बोलीत त्याला इंजिनिअरसाहेब म्हणतो.

अशाच एका इंजिनिअरची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. त्यांचं नाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. डोक्याला म्हैसुरी फेटा, अंगात कडक इस्त्रीचा कोट आणि ताठ मान असा त्यांचा फोटो तुम्ही १५ सप्टेंबरला, म्हणजे अभियंता दिनाला, नक्की पाहिला असेल. तो त्यांचा जन्मदिवस. पण फोटोला हार घातला की आपण मोकळे होतो. हा माणूस आपल्या नाशकात, धुळ्यात आणि पुण्यात वावरला, आपल्या कालव्यांच्या काठाने हिंडला, हे फारसं कुणी सांगत नाही.

मी ज्या गावात शिकवते, ते इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या अगदी शेवटाकडे आहे. आमच्याकडे त्याला 'टेल' म्हणतात. जिथून कालवा सुरू होतो ते 'हेड' आणि जिथे संपतो ते 'टेल'. शेपटीला काय मिळतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे! कालव्याला आवर्तन सुटलं की हेडचे लोक आधी भिजवतात, मग मधले, आणि उरलं तर आमचं. पाळी कधी रात्री दोन वाजता येते. मग घरातला बाप बॅटरी घेऊन दारं धरायला जातो, त्याच्यामागे पोरगाही जातो, आणि सकाळी माझ्या वर्गात पाढे म्हणता म्हणता पेंगतो. अशा मुलाला मी उठवत नाही. त्याचा गृहपाठ रात्री रानात झालेला असतो.

एकदा आम्ही शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत एक खेळ केला. तुम्हीही करून बघा. मातीत एक लांब पाट काढला आणि त्याच्या काठाने दहा छोटे वाफे केले. प्रत्येक वाफ्याला एक मूल मालक. पाटाच्या तोंडाशी मी बादलीतून हळूहळू पाणी सोडू लागले. अट एकच होती, ज्याला हवं तेवढं त्यानं घ्यायचं.

काय झालं असेल? पहिल्या तीन वाफ्यांचं तळं झालं. चौथ्या-पाचव्याचा चिखल झाला. सहावा ओलसर झाला. आणि दहाव्या वाफ्याची मालकीण, तिसरीतली एक चिमुरडी, कोरड्या मातीकडे बघत उभी राहिली. बादली रिकामी झाली होती. ती रडली नाही, भांडलीही नाही. नुसती म्हणाली, "बाई, आमच्या रानात पण असंच होतं."

मग मी मुलांना दुसरी बादली दिली आणि म्हटलं, आता तुम्हीच ठरवा. बराच वेळ वाद झाले. शेवटी ठरलं ते असं : आधी बादलीतलं पाणी मगाने मोजायचं. पाटात किती जिरतं ते बघायचं. मग उरलेल्याचे दहा भाग करायचे आणि शेवटच्या वाफ्यापासून सुरुवात करायची. या वेळी एकाही वाफ्याचं तळं झालं नाही, पण दहाही वाफे भिजले. पहिल्या वाफ्याचा मालक थोडा नाराज होता. "माझं कमी झालं," असं तो दोन दिवस म्हणत होता!

हेच कोडं, याच नीरा कालव्यावर, विश्वेश्वरय्यांपुढे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आलं होतं. पण त्याआधी ते इथवर आले कसे, ते सांगते.

त्यांचं गाव मुद्देनहळ्ळी. ते आजच्या कर्नाटकात चिक्कबळ्ळापूरजवळ आहे. लहानपणीच वडील गेले. घरची गरिबी. बंगळूरला मुलांच्या शिकवण्या घेत घेत ते शिकले आणि १८८१ साली बी.ए. झाले. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि इंजिनिअरिंग शिकायला ते कुठे आले? आपल्या पुण्याला! तेव्हाचं ते कॉलेज ऑफ सायन्स म्हणजे आजचं सीओईपी. १८८३ मध्ये ते परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले. वय जेमतेम बावीस-तेवीस. नंतर खानदेशात, धुळ्याच्या बाजूला, पांझरा नदीच्या खोऱ्यात पाइपाचा सायफन बांधायचं काम त्यांच्याकडे आलं.

सायफन म्हणजे काय? पाट वाहत वाहत येतो आणि मध्येच ओढा आडवा येतो. आता पाणी पलीकडे कसं न्यायचं? पाइप ओढ्याच्या खालून न्यायचा. या बाजूला पाणी थोडं उंच असेल तर ते खाली उतरून, पाइपातून जाऊन पलीकडे आपोआप वर चढतं. नर्सरीतल्या पारदर्शक नळीत पाणी भरा, नळी इंग्रजी यू अक्षरासारखी धरा आणि दोन्ही टोकं वरखाली करून बघा. पंप नको, वीज नको. पाण्याचा स्वभाव ओळखला की निम्मं काम पाणीच करतं.

पाण्याचा स्वभाव ओळखण्याचं हे कसब त्यांना जन्मभर उपयोगी पडलं. सिंध प्रांत तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथल्या सक्कर शहराला (ते आता पाकिस्तानात आहे) सिंधू नदीचं पाणी द्यायचं होतं. नदी भरपूर वाहती, पण पाणी नुसतं गढूळ. गाळण्यासाठी मोठ्या टाक्या बांधायच्या तर नगरपालिकेकडे पैसे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी काय केलं असेल? नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपत येणारं पाणी आपसूक गाळलं जातं, हे आपल्या नदीकाठच्या बायाबापड्यांनाही माहीत असतं. वाळूत झरा खणून त्या वाटीनं स्वच्छ पाणी भरतातच की! तीच युक्ती या इंजिनिअरनं एका शहरासाठी वापरली. १८९५ मध्ये काम पुरं झालं.

नंतर ते पुण्याला आले. पुण्याला पाणी खडकवासल्याच्या तलावातून मिळे. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून सहा-सहा, आठ-आठ फूट उंचीनं वाहून जायचं आणि उन्हाळ्यात मात्र टंचाई. भिंत उंच करावी तर खर्च मोठा, आणि पुराच्या वेळी जुन्या भिंतीवर जोर येणार. मग त्यांनी सांडव्यावर दारं बसवायची ठरवली, तीही आपोआप उघडणारी. वजनांनी तोललेली ही दारं एरवी बंद असत आणि पाणी अडवून धरत. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं, की त्याच पाण्याच्या जोरावर ती उघडत. पातळी उतरली की पुन्हा बंद. मध्यरात्री पूर आला तरी माणसानं धावत जाऊन चाक फिरवायला नको. १९०३ साली ही दारं बसवली गेली. पाण्याची पातळी साधारण आठ फुटांनी वाढली आणि धरण तेच असून साठा सुमारे पाव पटीनं वाढला.

आता आपल्या कोड्याकडे येऊ. १८९९ च्या सुमारास त्यांच्यापुढे कालव्यांच्या पाण्याचा प्रश्न आला. नीरा डावा कालवा तेव्हा पंधरा-एक वर्षांचा होता. काही ठिकाणी उसाला वारेमाप पाणी दिलं जाई, तिथल्या जमिनी पाणथळ होऊ लागल्या होत्या. आणि पुढची गावं कोरडी. म्हणजे आमच्या खेळातली पहिली बादलीच! त्यांनी 'ब्लॉक पद्धत' सुचवली. कालव्याचं पाणी शक्य तेवढ्या जास्त गावांत वाटायचं. प्रत्येक गावात चांगल्या जमिनीचा एक पट्टा, म्हणजे ब्लॉक, निवडायचा. त्या ब्लॉकच्या साधारण एक तृतीयांश भागातच ऊस, बाकी भागात कमी पाण्याची पिकं. आणि दर वर्षी पीक बदलत राहायचं, म्हणजे तीन वर्षांत जमिनीलाही विसावा मिळतो.

सुरुवातीला अनेक शेतकऱ्यांना हे रुचलं नव्हतं. साहजिकच आहे. पहिल्या वाफ्याचा मालक दोन दिवस नाराज होताच ना! पण ब्लॉक पद्धत पुढे इथल्या कालव्यांवर रुजली.

मला स्वतःला या माणसाच्या सगळ्या कामांत हे काम सर्वात मोठं वाटतं. त्याचा कुठे पुतळा नाही, त्याला बघायला सहल जात नाही. ब्लॉक दिसतच नाही, मग बघणार काय? पण धरणाची भिंत बांधून पाणी अडवणं हा अर्धा भाग झाला. ते शेवटच्या माणसापर्यंत पोचवणं हा उरलेला अर्धा, आणि तो जास्त अवघड. कारण भिंतीला दगड लागतात. वाटपाला माणसांची समजूत लागते.

खुद्द धुळे-नाशिक भागातल्या पांझरा, मोसम अशा नद्यांवर आपल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी 'फड' पद्धत चालवली होती. नदीवर छोटे बंधारे, त्याखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं आणि पाणी सोडायला गावानं नेमलेला पाटकरी. म्हणजे मिळून वाटून घ्यायची अक्कल आपल्या मातीत जुनीच आहे. आपण ती मधूनमधून विसरतो, एवढंच.

१९०८ मध्ये विश्वेश्वरय्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादला मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसं दगावली. निजाम सरकारनं त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी आधी काय केलं? नदीच्या वरच्या अंगाला किती पाऊस पडला, किती तलाव आहेत, त्यातले किती फुटले, याचा हिशेब मांडला. वरचे छोटे छोटे तलाव एकामागून एक फुटत गेले आणि पुराला भर घालत गेले, हे त्यातून दिसलं. नदीच्या वरच्या भागात पूर अडवणारे मोठे जलाशय बांधा, असं त्यांनी सुचवलं. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन जलाशय झाले. पूर अडवण्यासाठी बांधलेल्या याच तलावांनी त्या शहराला पिढ्यान् पिढ्या पिण्याचं पाणीही दिलं.

आणि मग त्यांचं सर्वात गाजलेलं काम : म्हैसूरजवळ कावेरीवरचं कृष्णराजसागर धरण. १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ दिवाण होते. १९११ मध्ये धरणाचं काम सुरू झालं आणि पुरं व्हायला वीस वर्षं लागली. उंची सुमारे १३० फूट, लांबी अडीच किलोमीटरहून जास्त. सिमेंट तेव्हा आपल्याकडे सहज मिळत नव्हतं, म्हणून चुना आणि विटांची पूड म्हणजे सुरखी वापरून ही भिंत चिणली गेली. तिच्यामागे सुमारे ४९ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८०० कोटी लिटर! मंड्या भागातली कोरडी जमीन या पाण्यानं हिरवी झाली.

हे सगळं मी वर्गात रंगून सांगत होते, तेव्हा एका मुलीनं हात वर केला. "बाई, एवढं पाणी साठवलं, तर आधी तिथं कोण राहत होतं?"

मुलांनो, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि माझ्या घरातलाही आहे.

माझ्या आईचं माहेर भीमेच्या काठी होतं. 'होतं' म्हणते, कारण १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यात ते गाव गेलं. आई तेव्हा शाळकरी पोर होती. आजीनं घराचे वासे, दाराची चौकट आणि जातं बैलगाडीत घातलं. विहीर मात्र गाडीत घालता आली नाही. नव्या गावठाणात पहिली काही वर्षं पिण्याचं पाणी डोक्यावरून आणावं लागे. म्हणजे ज्यांनी धरणासाठी गाव दिलं, त्यांच्याच बाया हंडे घेऊन हिंडत होत्या. आजी कुणाला शिव्या देत नसे. ती म्हणायची, "पाणी वाईट न्हाई गं. लोकांची रानं भिजली, चांगलं झालं. पर आमाला कुणीतरी इचारायचं हुतं."

फार कडक उन्हाळ्यात उजनी 'मायनस'मध्ये जाते, असं तुम्ही बातम्यांत ऐकता. तेव्हा पळसदेवचं पळसनाथाचं जुनं दगडी मंदिर पाण्यातून वर येतं. एकदा मी आजीला तिथे घेऊन गेले होते. सगळे फोटो काढत होते. आजी मात्र मंदिराकडे कमी आणि पलीकडच्या चिखलाकडे जास्त बघत होती. कुठे कुणाचं घर होतं, ते ती बोटानं दाखवत होती. मला तिथे चिखलच दिसत होता, तिला अख्खी आळी दिसत होती.

कृष्णराजसागरातही असंच घडलं. कन्नंबाडी हे जुनं गाव पाण्याखाली गेलं. तिथलं वेणुगोपाळाचं मंदिर पाणी ओसरलं की दिसायचं. अलीकडच्या काळात ते दगड दगड सोडवून काठावर नव्या जागी उभारण्यात आलं आहे. मंदिर हलवता आलं. पण गाव म्हणजे नुसते दगड नसतात ना!

मग धरणं बांधूच नयेत का? असं मी म्हणणार नाही. टेलच्या गावात राहणाऱ्या बाईला पाण्याची किंमत कळते. उन्हाळ्यात टँकरमागे धावणारी मुलं मी पाहिली आहेत. मी एवढंच म्हणेन, की इंजिनिअरच्या वहीतलं गणित पुरं व्हायला हवं. किती पाऊस, किती दगड, किती पैसा, किती एकर भिजणार, हे त्यात असतंच. त्यातच किती घरं उठणार, त्यांना आधी काय देणार आणि शेवटच्या शेताला पाणी किती वाजता मिळणार, हेही लिहिलेलं हवं. आणि गणित घाईत सोडवायचं नसतं. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळ पानशेतचं नवंकोरं धरण फुटलं. काम अजून अपुरं होतं आणि धरणात पाणी मात्र भरलं होतं. जवानांनी रात्रभर वाळूच्या पोती रचल्या, तरी धरण वाचलं नाही. पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, शंभरी ओलांडून ते गेले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं होतं.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. आपल्या मुलानं इंजिनिअर व्हावं असं आपल्याला वाटतं, तेव्हा डोळ्यांपुढे थंडगार ऑफिस आणि मोठा पगार येतो. त्यात वाईट काही नाही. पण उन्हात कालव्याच्या काठानं चालणारा, पाणी मोजणारा आणि चिडलेल्या शेतकऱ्याचं म्हणणं ऐकून घेणारा इंजिनिअरही आपल्याला हवा आहे. आपल्या घरातून तो किंवा ती निघाली, तर अभिमान बाळगा. मुलींनाही हे काम उत्तम जमतं. माझ्या वर्गात तर पहिला खरा प्रश्न मुलीनंच विचारला होता!

आणि मुलांनो, तुमच्यासाठी सुट्टीचा अभ्यास. घाबरू नका, वही तपासायला मागणार नाही! तुमच्या घरी येणारं पाणी कुठल्या नदीचं, कुठल्या धरणातलं, ते शोधा. ते धरण झालं तेव्हा कोणती गावं उठली, ते आजी-आजोबांना विचारा. आणि तुमच्या पाइपलाइनवर किंवा कालव्यावर सर्वात शेवटचं घर कोणाचं आहे, ते बघून या. जमलं तर त्या घरातल्या मुलाशी मैत्री करा. त्याच्याकडे पाणी किती वाजता येतं, हे तुम्हाला कळलं, की तुमचा नळ तुम्ही आपोआप लवकर बंद कराल.

काय काय सापडलं ते मला जरूर कळवा. तुमची पत्रं मी माझ्या वर्गात वाचून दाखवीन.

तुमची,
टेलच्या शाळेतली बाई